पट्टे नसलेला चेंडू: एका नवख्या रिसीव्हरकडून आम्ही काय मागितले

हे प्रकरण कोणाचे

खेळाडू जगजाहीर आहे: जमार चेस, अमेरिकन फुटबॉलमधल्या सिनसिनाटी बेंगल्स संघाचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पुढे पळणारा. मोसम २०२१. त्याचे आकडे नोंदवलेले आहेत, त्यामुळे लपवण्यासारखे काही नाही. नावे गाळली आहेत ती चाहत्यांची. एक मी, पुण्यात बसून अमेरिकन फुटबॉल बघणारा. दुसरा माझा मेहुणा, सिनसिनाटीजवळच्या मेसन गावी नोकरीनिमित्त स्थायिक झालेला. मित्रमंडळींच्या दहा संघांच्या फँटसी लीगमध्ये आम्हा दोघांचा मिळून एक संघ होता. म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ, आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर आपले गुण. लीगचे नियम साधे: झेलाला एक गुण, चेंडू पुढे नेलेल्या दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा.

फँटसी लीगची अडचण अशी की तिथे चाहत्याला नुसते मत असून भागत नाही, निर्णय घ्यावा लागतो. खेळाडू घ्यायचा की नाही, या रविवारी खेळवायचा की बसवायचा, विकायचा की ठेवायचा. म्हणून अपेक्षा आणि वागणूक यांत किती अंतर पडते ते इथे लेखी सापडते. आमचे सगळे बोलणे चॅटमध्ये तारखेसकट पडून होते. ते पुन्हा वाचायला लाज वाटली, पण वाचले.

पार्श्वभूमी

बेंगल्सनी २०१९ मध्ये १६ पैकी २ सामने जिंकले. त्याचे बक्षीस म्हणून २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडायच्या फेऱ्यांत, पहिला नंबर मिळाला आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जो बरो आला. नोव्हेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध बरोचा गुडघा फाटला. समोरच्या खेळाडूंना रोखून धरायला जी पाच जणांची भिंत असते, ती भिंतच नव्हती. मोसम संपला ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी असा, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा नंबर आला.

आता शहरात दोन तट पडले. एका तटाला हवा होता ओरेगॉनचा पेनेई सुएल, भिंतीतला भीम. दुसऱ्याला हवा होता लुइझियाना स्टेटचा चेस, बरोचा कॉलेजचा जोडीदार. या जोडीने २०१९ मध्ये कॉलेज फुटबॉल लुटले होते. संघ १५ पैकी १५ सामने जिंकला होता आणि चेसने ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन केले होते. करोनाच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, चेस आणि सुएल दोघेही खेळले नाहीत.

पहिल्या तटाचे म्हणणे बिनतोड वाटायचे. ज्याचा गुडघा आत्ताच शिवला आहे त्याला आधी वाचवा, चेंडू झेलणारे काय, मिळतील कुठेही. मेहुणा याच तटात होता. मी दुसऱ्यात, पण माझ्याकडे युक्तिवाद नव्हता, फक्त ते जुने व्हिडिओ होते.

बेंगल्सनी २९ एप्रिलला चेसला घेतले. सुएल दोन नंबर खाली, डेट्रॉइटला गेला.

सिनसिनाटीच्या लोकांच्या मनात नवख्या रिसीव्हरविषयी दोन आठवणी घट्ट बसलेल्या होत्या, आणि पुढचे सगळे त्यातूनच आले. पहिली ए. जे. ग्रीनची. २०११ मध्ये चौथ्या नंबरवर आला, पहिल्याच मोसमात ६५ झेल आणि १,०५७ यार्ड, आणि दहा वर्षे संघाचा आधार. तो २०२१ च्या मार्चमध्येच ॲरिझोनाला गेला होता. दुसरी जॉन रॉसची. २०१७ मध्ये नवव्या नंबरवर आला, त्याआधी ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावून चाचणीचा विक्रम केलेला. पहिल्या मोसमात त्याचे झेल किती? शून्य. चेंडू हातात घेऊन एकदा धावला, तोही शेवटी हातातून सुटला. म्हणजे एका खांद्यावर ग्रीन, दुसऱ्यावर रॉस, आणि मध्ये एकवीस वर्षांचा मुलगा.

अडचण

ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सराव सामन्यात चेसच्या हातातून तीन चेंडू सुटले. अवघड म्हणावेत असे नव्हते ते, हातात येऊन गेले. पुढे मायामीविरुद्ध आणखी एक सुटला.

त्यावर त्याने पत्रकारांना कारण सांगितले आणि आगीत तेल पडले. म्हणणे असे की कॉलेजच्या चेंडूला टोकांजवळ पांढरे पट्टे असतात, व्यावसायिक चेंडूला नसतात, सगळा तपकिरी. शिवाय हा चेंडू मोठा. फिरत येणारा चेंडू नजरेत धरायला आता शिवणीच्या दोऱ्या शोधाव्या लागतात.

अख्खा देश हसला. आम्हीही हसलो. मेहुण्याने लिहिले, "दाजी, आता म्हणेल गवत जास्त हिरवं आहे."

यात खरे किती? नियमांप्रमाणे दोन्ही चेंडू जवळजवळ सारखे, फक्त कॉलेजच्या चेंडूला थोडे लहान असण्याची मुभा आहे. पट्ट्यांचे मात्र अगदी खरे. मेहुण्याच्या बारा वर्षांच्या मुलीने ते आम्हाला दाखवले. तिच्याकडे शाळेतला पट्टेवाला चेंडू होता आणि बापाने कौतुकाने आणलेला एक बिनपट्ट्याचा. व्हिडिओ कॉलवर तिने परसदारी संध्याकाळच्या उजेडात दोन्ही आळीपाळीने फिरकी देऊन वर फेकले. पट्टेवाला चेंडू फिरताना टोकाशी एक पांढरे कडे दिसते, तो कुठे वळतोय ते कळते. दुसरा नुसता एक काळसर डाग, झाडामागच्या सावलीत गेला की नाहीसा. "काका, दिसला का? नाही ना?" तिने स्वतः तो दोनदा सोडला, एकदा तर तो थेट शेजाऱ्यांच्या कुंपणावर.

बापाने त्यावर एवढेच म्हटले की तिला वर्षाला लाखो डॉलर मिळत नाहीत. तेही खरेच.

आमच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटली होती. चेसचा शेवटचा खरा सामना होता १३ जानेवारी २०२०, क्लेम्सनविरुद्धचा अंतिम सामना, त्यात त्याने २२१ यार्ड मिळवले होते. म्हणजे वॉशिंग्टनचे ते तीन चेंडू सुटले तेव्हा तो एकोणीस महिन्यांनी मैदानात उतरत होता. दीड वर्ष बॅट न धरलेला फलंदाज सराव सामन्यात दोनदा शून्यावर बाद झाला तर आपण 'हात बसायला वेळ लागेल' म्हणतो. इथे आम्ही कुंडली मांडून मोकळे झालो.

पहिला निर्णय: सप्टेंबर

लीगच्या ड्राफ्टच्या वेळी आमच्यापुढे तीन वाटा होत्या. चेसला हातच लावायचा नाही. किंवा वरच्या फेरीत भरवशाने घ्यायचा. किंवा खाली घसरू द्यायचा आणि स्वस्तात मिळाला तर घ्यायचा. तिसरी वाट धरली आणि सातव्या फेरीत तो मिळाला. चार सुटलेल्या चेंडूंनी त्याचा भाव पाडला होता, फायदा आमचा झाला. इथपर्यंत हिशेब चांगला होता.

त्या रात्री आम्ही आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली, जिचे महत्त्व तेव्हा कळले नाही. मी विचारले, "याच्याकडून वर्षाला किती धरायचे?" मेहुण्याने लिहिले, "ग्रीनएवढे. १,०००, फार तर १,०५०. टचडाउन सात." मी हो म्हणालो. तारखेसकट नोंद आहे. त्या मोसमापासून सामने सतरा झाले होते, म्हणजे दर सामन्याला सुमारे साठ यार्ड.

आणि मग १२ सप्टेंबरला, मिनेसोटाविरुद्धच्या पहिल्या सामन्याला, आम्ही चेसला बाकावर बसवले.

कारण काय? मेहुण्याचा संदेश: "आधी एक तरी पकडू दे." आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. मी लॅपटॉप उशीवर ठेवून बघत होतो. मध्यंतराच्या जरा आधी बरोने लांब चेंडू सोडला, चेस बचावपटूच्या मागे निघून गेला होता, खांद्यावरून झेल, पन्नास यार्ड, टचडाउन. दिवसाअखेर ५ झेल, १०१ यार्ड. आमच्या बाकावर २१ गुण कुजत पडले आणि तो आठवडा आम्ही हरलो. सामना बेंगल्सनी जादा वेळेत २७-२४ असा जिंकला, त्यामुळे मेहुणा स्टेडियममधून घसा बसेपर्यंत ओरडून आला. स्वतःच्या फँटसी संघाची आठवण त्याला पार्किंगमध्ये झाली.

सात महिन्यांचा अभ्यास करून एक आकडा ठरवला होता. तो बाजूला राहिला आणि निर्णय झाला तो शेवटच्या पाहिलेल्या चार चेंडूंवर. हे तेव्हा आम्ही 'सावधगिरी' समजत होतो.

दुसरा निर्णय: ऑक्टोबर, म्हणजे उतू जाण्याचे दिवस

पुढचे सहा आठवडे वेडाचे होते. ग्रीन बेविरुद्ध १५९ यार्ड, त्यातला एक टचडाउन ७० यार्डांचा. मग २४ ऑक्टोबरला बाल्टिमोरविरुद्ध ८ झेल, २०१ यार्ड. त्यातल्या एका झेलाला तर दोन-तीन जण अंगावर आले, तो गिरकी घेऊन सुटला आणि धावत सुटला, एकूण ८२ यार्ड. पहिल्या सात सामन्यांत ७५४ यार्ड. कारकिर्दीच्या पहिल्या सात सामन्यांत एवढे कोणीही मिळवले नव्हते.

चॅटमधली भाषा बदलली. 'पोरगं' चे 'साहेब' झाले. मेहुण्याने त्याची १ नंबरची जर्सी घेतली. रिसीव्हरला एक नंबर घालायची परवानगी एनएफएलने, म्हणजे खऱ्या व्यावसायिक लीगने, त्याच वर्षी दिली होती. सुएलचे नाव घरात निघेना.

बाल्टिमोरच्या दुसऱ्याच दिवशी लीगमधल्या एका गृहस्थांनी प्रस्ताव पाठवला: चेस द्या, बदल्यात पहिल्या फेरीतला एक रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणारा) घ्या आणि वर एक बरा रिसीव्हर. आम्हाला नेमका रनिंग बॅकच कमी होता. पाच मिनिटांत नकार. माझेच शब्द: "हा आता दर आठवड्याला शंभर देणार."

दर आठवड्याला शंभर म्हणजे मोसमाला १,७००. सप्टेंबरमध्ये लिहिलेला आकडा १,०५० होता. सात सामन्यांनी आकडा थोडा वर सरकवायला हरकत नव्हती, १,३०० म्हटले असते तरी चालले असते. पण आम्ही जुना आकडा सरकवला नाही, फेकूनच दिला.

प्रस्ताव घ्यायलाच हवा होता असे मी आजही म्हणणार नाही. नाकारायला चांगली कारणे असू शकली असती. आमच्याकडे ती नव्हती एवढेच.

तिसरा निर्णय: नोव्हेंबरअखेर

मग ओहोटी लागली. जेट्सविरुद्ध ३२ यार्ड. ७ नोव्हेंबरला क्लीव्हलँडविरुद्ध गोलरेषेजवळ चेससाठी टाकलेला चेंडू डेन्झेल वॉर्डने मध्येच पकडला आणि ९९ यार्ड उलटा धावत नेला. त्या सामन्यात चेसचे ४९. लास व्हेगासला ३२. २८ नोव्हेंबरला पिट्सबर्गविरुद्ध ३९, तेही संघ ४१-१० असा जिंकत असताना, म्हणजे त्याची गरजच पडली नाही.

फँटसीत सात सामने सरासरी २१ गुण देणारा आता दहा-अकरावर आला होता. लीगमध्ये अदलाबदलीची मुदत १ डिसेंबर. दोन दिवस चॅट पेटले होते.

पर्याय असे होते. त्याला ठेवायचे आणि खेळवत राहायचे. ठेवायचे पण अवघड सामन्यांत बसवायचे. नाहीतर द्यायचे आणि बदल्यात 'भरवशाचा' रिसीव्हर घ्यायचा. आलेला प्रस्ताव एकास एक होता: चेस द्या, एक अनुभवी रिसीव्हर घ्या. झेल भरपूर, यार्ड बेताचे, गुण दर रविवारी चौदा-पंधरा, ना भरती ना ओहोटी. मुदत ठेव म्हणा.

मी ठेवायच्या बाजूचा होतो, पण धरून बसलो नाही. मेहुण्याचा मुद्दा जोरदार होता आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, फुटबॉलच्या दृष्टीने बरोबरही होता. तो म्हणाला, "दाजी, सगळ्यांनी त्याचं औषध शोधलंय. दोन्ही सेफ्टी मागे उभे करतात. लांबचा चेंडू बंद, याचं दुकान बंद."

खरेच तसे होत होते. बाल्टिमोरनंतर प्रतिस्पर्धी संघांनी शेवटच्या फळीचे दोन्ही बचावपटू खोल नेऊन ठेवले. चेसला लांब पळू द्यायचे नाही, समोर आखूड झेल घेऊ द्यायचे, असा डाव. आकड्यांतही तो दिसतो. पहिल्या सात सामन्यांत ३५ झेल, दर झेलाला साडेएकवीस यार्ड. पुढच्या चार सामन्यांत १५ झेल, दर झेलाला दहा यार्ड. झेल थोडेच घटले होते, अंतर मात्र निम्म्याहून खाली आले होते.

या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि आम्ही एकच काढला. पहिला: पोराचे बिंग फुटले. दुसरा: बचाव मागे सरकला म्हणजे पुढे जागा रिकामी झाली. ती जागा धावणारा जो मिक्सन वापरतोय, संघातले दुसरे रिसीव्हर टी हिगिन्स आणि टायलर बॉइड वापरतायत, संघ जिंकतोय, आणि एक दिवस कोणीतरी बचाव पुन्हा पुढे आणेल. पिट्सबर्गविरुद्ध मिक्सन १६५ यार्ड धावला होता. पुरावा समोर होता. आमच्या फँटसी संघात मिक्सन नव्हता, म्हणून दिसला नाही.

आणि जो हिशेब करायचा तो आम्ही केलाच नाही. त्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, चेसच्या नावावर ११ सामन्यांत ९०६ यार्ड आणि ८ टचडाउन होते. आमची स्वतःची सप्टेंबरची मागणी होती हजार-साडेदहाशे यार्ड आणि ७ टचडाउन. टचडाउन पुरे झाले होते. यार्डांना दीडशे कमी, आणि सहा सामने बाकी. ज्याने आमची मागणी जवळजवळ फेडली होती त्याला आम्ही 'नापास' ठरवून विकत होतो, कारण डोळ्यांसमोर ऑक्टोबर होता.

रात्री साडेअकराला मेहुण्याने विचारले, "देऊ?" मी अंगठा पाठवला.

काय घडले

सुरुवातीला आम्ही हुशार ठरलो, आणि यानेच घात केला. ५ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध एक लांब चेंडू चेसच्या हातांवर येऊन उडाला आणि थेट बचावपटूच्या कुशीत गेला. टचडाउनच्या जागी चेंडूच प्रतिस्पर्ध्यांकडे. "बरं झालं सोडला," दोघांचे संदेश एकाच मिनिटाला. १९ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये त्याचा एक झेल, तीन यार्ड. तीन! आमच्या नव्या रिसीव्हरने त्या दिवशी आपले ठरलेले गुण दिले आणि आम्ही उपांत्य फेरीत. मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सामन्यात चेसने दोन टचडाउन केले होते, पण त्याबद्दल चॅटमध्ये एक अक्षर नाही. आता वाचताना ती शांतता ऐकू येते.

बाल्टिमोरनंतरच्या सात सामन्यांत त्याचे एकूण २८४ यार्ड. पहिल्या सातांत ७५४. इथे थांबून कोणी निकाल लावला असता तर तो आमच्या बाजूने लागला असता.

मग २६ डिसेंबरला बाल्टिमोरविरुद्ध पुन्हा १२५. आणि २ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. आमच्या लीगचा अंतिम सामना त्याच आठवड्यात. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा.

कॅन्सस सिटीने बचाव पुढे आणला, चेससमोर एकेकटा माणूस ठेवला. ७२ यार्डांचा टचडाउन. १८ चा. मग ६९ चा. चौथ्या सत्रात तिसऱ्या प्रयत्नाला २७ यार्ड हवे होते, अशा वेळी कोणीही आखूड चेंडू टाकून पुढच्या विचाराला लागतो. बरोने सरळ वर फेकला, काठाजवळ चेसने खेचला, ३० यार्ड. शेवटच्या सेकंदाला किक, ३४-३१, आणि बेंगल्स गटविजेते. चेसचे ११ झेल, २६६ यार्ड. नवख्या खेळाडूने एका सामन्यात मिळवलेले सर्वाधिक. १९७९ पासूनचा २५५ चा विक्रम मोडला. फँटसीत ५५.६ गुण.

आम्ही तो अंतिम सामना १९ गुणांनी हरलो.

गंमत अशी की चेस ज्यांच्याकडे गेला होता ते गृहस्थ उपांत्य फेरीतच बाद झाले होते. ५५.६ गुण तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या सामन्यात वाया गेले. कोणाच्याच पदरात काही पडले नाही. पुण्यात पहाटेचे पावणेतीन वाजत आले होते, मेहुणा आनंदाने रडत होता की चिडून ते फोनवर कळत नव्हते. तोच म्हणाला, "दाजी, दोन्ही."

मोसमाअखेर चेसचे ८१ झेल, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन. चॅड जॉन्सनचा १,४४० यार्डांचा संघविक्रमही मोडला. आक्रमणातला वर्षातला सर्वोत्तम नवोदित तोच. फुटबॉलच्या बाजूने बेंगल्सनी ३१ वर्षांनी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना जिंकला आणि थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेले.

सुएलचे काय, हा प्रश्न मात्र बुजला नाही. त्या मोसमात बरोला साखळीत ५१ वेळा पाडले, एनएफएलमध्ये सर्वाधिक. टेनेसीत एकाच सामन्यात नऊ वेळा, आणि तरी ते जिंकले, त्यात चेसचे १०९ यार्ड. सुपर बोलमध्ये सात वेळा पाडले आणि २३-२० असे हरले. शेवटच्या चालीत समोरच्या संघाचा बचावपटू जेलन रॅमझी घसरून पडला होता, चेस मागे एकटा, मोकळा. बरोला वर बघायलाही सवड मिळाली नाही, त्यांचाच ॲरन डोनल्ड अंगावर आला होता. एप्रिलमधले दोन्ही तट त्या एका चित्राकडे बोट दाखवून 'बघा, आम्ही म्हणत होतो' म्हणू शकतात. मेहुणा आजही म्हणतो.

पुन्हा तसाच प्रसंग आला तर

अदलाबदल हा गुन्हा नव्हता. २ जानेवारीची रात्र ३० नोव्हेंबरला कोणाला दिसत नव्हती आणि दिसायला हवी होती असे म्हणणे अन्याय होईल. ओहोटीचे कारणही मेहुण्याने अचूक ओळखले होते. चूक भावात होती. ऑक्टोबरमध्ये ज्याचे दोन खेळाडू मिळत होते तो नोव्हेंबरमध्ये एकाला दिला. चढत्या भावात घट्ट धरणे आणि उतरत्या भावात सोडणे ही शेअर बाजारातली नवख्याची चूक आम्ही चाळिशीत केली.

खरा वळणाचा क्षण मला नोव्हेंबर वाटत नाही, बाल्टिमोरच्या दुसऱ्या दिवशीची ती पाच मिनिटे वाटतात. तिथे सप्टेंबरचा आकडा काढून, सात सामन्यांच्या हिशेबाने नवा आकडा लिहिला असता, तर 'दर आठवड्याला शंभर' हे वाक्य चॅटमध्ये आलेच नसते. ते आले नसते तर नोव्हेंबरचे ४९ आणि ३२ हे आकडे अपमान वाटले नसते. खोल धावणाऱ्या रिसीव्हरचे उत्पन्न शेतीसारखे असते, पगारासारखे नसते. त्याचे १,४५५ पैकी ४६७ यार्ड दोन सामन्यांत आले. हे माहीत असते तर सरासरी काढत बसलो नसतो.

दुसरे म्हणजे झेल सुटणे ही डोळ्यांत भरणारी गोष्ट आहे. न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे किती वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला, बचावपटू किती अंतरावर उभा होता, दोन माणसे त्याच्यामागे गेल्याने कोण मोकळा झाला, या आम्ही एकदाही मोजल्या नाहीत. मोजता आल्या असत्या. मेहुणा स्टेडियममध्ये अख्खे मैदान बघत होता, मला फक्त चेंडू दिसत होता. तरी संध्याकाळी दोघेही चेंडूवरच बोलायचो.

तिसरे, कोणाला तरी 'विरुद्ध बाजू मांड' असे सांगून ठेवायला हवे होते. घरात एक होती तशी. ३० नोव्हेंबरला बाप विकायच्या गडबडीत असताना बारा वर्षांच्या पोरीने विचारले होते, "पण तो तर हल्ली सोडत नाहीये ना?" हे मला खूप नंतर कळले. ऑगस्टमध्ये आमची तक्रार सुटणाऱ्या चेंडूंची होती, नोव्हेंबरमध्ये ती कमी यार्डांची झाली होती, आणि दोन तक्रारी वेगळ्या आहेत हे तिच्याच लक्षात आले होते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ड्राफ्टच्या आधी प्रत्येक खेळाडूपुढे आकडा लिहिला, आणि तो फक्त चार-चार सामन्यांनी बदलायचा असे ठरवले. चेसपुढे १,२५० लिहिले. आमचा नंबर नववा आला. चेस त्याआधीच गेला होता.